दोरीवरून उठवलेला पोरगा

मासळीची रिकामी पाटी कमरेवर घेऊन एक बाई ठाण्यात आली आणि ठाणे अंमलदाराला न विचारता थेट माझ्या टेबलापाशी उभी राहिली. ती सकाळ आठवली की आजही माझं डोकं तापतं.

दोन हजार पाचच्या आसपासची गोष्ट. मालवण किनाऱ्यावरच्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. तरुण पोरं गांजा ओढतात अशी कुजबुज नुकतीच कानावर येऊ लागली होती, पण वाडीत विचारलं की एकच उत्तर मिळे, "ता भायले लोक हाडतत." बाहेरचे आणतात म्हणून पर्यटकांवर ढकललं की सगळे मोकळे.

बाईने पदराआडून गांजाची प्लास्टिकची पुडी काढली. एकोणीस वर्षांच्या मुलाच्या उशीखाली तिला ती सापडली होती.

"साहेबानू, वास घेवन बघा. आमी रापणीची ताजी मासळी इकतो. हो बर्फातल्या मासळीचो वास. आणि माझो झील रापणीर जायतच नाय. तेका दोरयेवरसून काढल्यानी."

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. दोरीला हात लावेल त्याला वाटा, असा इथला रिवाज. पोरगा नशेत धडपडतो म्हणून रापणकरांनी बैठक घेऊन त्याला दोरीवरून उठवलं होतं. हात रिकामे, बोलायला कुणी नाही. मग तो दिवसभर गांजा ओढणाऱ्या टोळक्यात बसू लागला. सुधारण्याची ही अक्कल कुणाची, ते कुणी सांगेना.

बर्फावरून माझं लक्ष एका मासळी व्यापाऱ्याच्या टेम्पोकडे गेलं. माल घेऊन तो गोव्याला जाई आणि हद्दीवरच्या बांदा नाक्यावरून परत येई. घाण पाणी अंगावर नको म्हणून नाक्यावर त्याच्या पेट्या कुणी उघडत नसे. मालवणातून मासळी बाहेर जाते, येताना पेट्या रिकाम्या हव्यात. याच्या पेट्या येतानाही बर्फाने भरलेल्या असत. राजपत्रित अधिकारी आणि पंच सोबत घेऊन आम्ही टेम्पो अडवला. बर्फाखाली गांजा निघाला.

व्यापारी जत्रा समितीचा प्रमुख, शाळेत बक्षिसं वाटणारा. चौकशीत म्हणाला, "ड्रायव्हरने घातलं असेल. मी सुपारीलासुद्धा शिवत नाही." दोन दिवस हाच पाढा. शेवटी मी मालाचा विषयच सोडला.

"तुमचा मुलगा हल्ली दिसत नाही?"

"पुण्याला ठेवलाय शिकायला. इथली संगत बरी नाही, साहेब. पोरं गांजा ओढतात."

"कधीपासून?"

"वर्ष झालं त्याला पाठवून."

"आम्हाला आत्ता कळलं. तुम्हाला वर्षापूर्वी कसं कळलं?"

माझ्या नोकरीत मी चोर, दरोडेखोर पुष्कळ पाहिले, पण इतका संताप कधी आला नव्हता. स्वतःचं पोर सुरक्षित ठेवून हा माणूस दुसऱ्यांच्या पोरांना पुड्या पुरवत होता. संध्याकाळी त्याने उरलेला माल लपवलेली जागा पंचांसमोर दाखवली.

दुसऱ्या दिवशी गावची मंडळी ठाण्यात हजर, त्यात रापणकरही होते. "जत्रा तोंडार इली, साहेब. जामिनाचा कायतरी बघा. आपलो माणूस आसा."

ती बाई दारातच बसली होती. उठून म्हणाली, "तेच्यासाठी इतके जण इल्यात. माझो झील कोणाचो? तेका जामीन व्हयो, तर माझ्या झिलाक दोरी देवा."

मी म्हटलं, "जामीन देणं कोर्टाच्या हातात. दोरी देणं तुमच्या हातात आहे."

पुढे पोरगा उपचार घेऊन परत आला, तेव्हा रापणकरांनी त्याला दोरीवर घेतलं. त्याच्या अंगात अजून ताकद नव्हती, म्हणून पुढेमागे दोन जुने रापणकर उभे राहिले.

नशेला लागलेलं पोर आपण आधी घराबाहेर, कामाबाहेर काढतो आणि ते थेट विकणाऱ्याच्या दारात जाऊन पडतं. पोरं वाचवायची तर त्यांना माणसांत ठेवावं लागतं, एवढं मला या प्रकरणाने शिकवलं. व्यापाऱ्याला शिक्षा झाली. पण त्या पोराला दोरीवरून उठवणाऱ्यांवर लावता येईल असं कलम माझ्याकडे नव्हतं.