काढून टाकलेली ओळ

देशमुख सरांनी चहाचा कप खाली ठेवला आणि तिसऱ्यांदा घड्याळाकडे पाहिलं. सुनंदाचा पत्ता नव्हता.

देशमुख सर आमचे एक्स्टर्नल, म्हणजे विद्यापीठाने नागपूरहून पाठवलेले परीक्षक. मी वडशाच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवते. एम.ए.च्या प्रत्येक विद्यार्थ्याने एका विषयावर सेमिनार द्यायचा, म्हणजे परीक्षकासमोर उभं राहून विषय मांडायचा आणि प्रश्न झेलायचे. बाकीच्यांचे उरकले होते आणि ती मुलं मागच्या बाकांवर बसून होती. राहिली होती सुनंदा. सर संध्याकाळच्या गाडीने परत जाणार होते आणि ते पुन्हा येणार नव्हते.

"तुमची विद्यार्थिनी येणार आहे ना मॅडम?"

"येतेय सर. रस्त्यात आहे," मी ठोकून दिलं.

सुनंदा झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या या जंगलपट्ट्यातल्या, नाटकात हिरॉइन आहे. आमच्याकडे धान घरात आलं की नाटकांचा मोसम सुरू होतो. कंपन्यांची ऑफिसं वडशात आणि प्रयोग गावोगावी. मागच्या वेळी प्रयोगापायी तिचा सेमिनार हुकला होता. आता हुकला तर पेपर गेला, पेपर गेला की वर्ष गेलं. घरच्यांनी निक्षून सांगितलं होतं, यंदा एम.ए. निघाली तर पुढे शीक, नाहीतर शिक्षण पुरे. आणि या पोरीला प्राध्यापक व्हायचं होतं. "मॅडम, मले तुमच्याच खुर्चीत बसाचं आहे," हे ती मला तोंडावर सांगते. मला राग यायला हवा, पण येत नाही.

तिचा विषय मीच दिला होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीची अमेरिकन कथा-कादंबरी, तिच्यातल्या थीम आणि तिची स्टाइल. थीम शिकवताना मला कधीच कष्ट पडले नाहीत. शेत सोडून कारखान्यात गेलेली माणसं, खाणीभोवती उगवलेली गावं, झटपट मोठं व्हायचं स्वप्न आणि ते फुटल्यावरचा रितेपणा. सूरजागडचे लोहखनिजाचे ट्रक रोज बघणाऱ्या मुलांना यात नवीन काय? "हे तं आमच्याच इकडचं आहे मॅडम," म्हणून मोकळे होतात.

घोडं अडतं ते स्टाइलपाशी. त्या काळातल्या काही लेखकांनी वाक्यं छाटून आखूड केली. पात्राला दुःख झालं तर ते दुःखाबद्दल बोलत नाही. हवेबद्दल बोलतं, जेवणाबद्दल बोलतं. दुःख आपण ओळखायचं. आता झाडीपट्टीच्या नाटकात नायकाला दुःख झालं की तो ते शेवटच्या रांगेपर्यंत ऐकवतो, वर गाणंही म्हणतो. त्यावर वाढलेल्या मुलांना हे पटणार कसं?

"त्याले एवढं दुःख झालं, तं तो बोलत काऊन नाई?" सुनंदाने वर्गात विचारलं होतं.

"कारण बोललं की ते कमी होतं."

"आमच्या नाटकात तं बोललं का वाढते जी."

मी तिला तोच विषय देऊन टाकला.

शेवटी फाटकात हॉर्न वाजला. कंपनीची अख्खी गाडी, टपावर पडदे बांधलेले, कॉलेजच्या आवारात शिरली. प्रयोगाच्या गावाला जाता जाता मालकाने तिच्यासाठी गाडी वळवली होती. सुनंदा उतरली. तिच्यामागून कंपनीचे हिरो मनोहरभाऊ उतरले आणि त्यांच्यामागून काखेत वही मारलेले मारोतभाऊ.

मारोतभाऊ कंपनीचे प्रॉम्प्टर. आमच्याकडे तालमी थोड्या आणि नाटकं पुष्कळ, म्हणून प्रॉम्प्टर आडोशाला बसून नटांना ओळी पुरवतो. त्याच्यावाचून कोणी स्टेजवर पाय ठेवत नाही.

"हे कशाला?" मी सुनंदाला बाजूला घेऊन विचारलं.

"मी एक सीन लिवला आहे मॅडम. पयले सीन दाखवतो, मंग इंग्लिशमध्ये बोलतो. मनोहरभाऊ आहेत त्यात."

"आणि मारोतभाऊ?"

"मनोहरभाऊ त्यांच्याबिगर उभेच नाई राहत."

देशमुख सरांच्या भुवया वर गेल्या. "हा इंग्रजीचा पेपर आहे ना मॅडम?"

"पाच मिनिटं द्या सर. मग इंग्रजीत हवं ते विचारा, हवं तेवढं विचारा." भीती होतीच, पण खरं सांगायचं तर मला मजाही येत होती. इतक्या वर्षांत माझ्या वर्गात असं काही घडलं नव्हतं.

मारोतभाऊ सवयीने कपाटामागे जाऊन बसले. सीन सुरू झाला. नवरा खाणीवर ट्रक चालवायला निघालाय. तो परत येणार नाही, हे दोघांनाही ठाऊक आहे. त्यावर अवाक्षर नाही.

"पान्याची बाटल भरली का?"

"भरली जी."

"छत्री?"

"पिशवीत आहे."

मनोहरभाऊंचा आवाज एरवी गावाच्या वेशीवर ऐकू येतो. तो माणूस हळू बोलत होता. त्यांनी पिशवी उचलली. "जातो मंग," म्हणाले. घराबाहेर पडताना आपल्याकडे 'येतो' म्हणतात. सुनंदा नुसती उभी होती. काही बोलत नव्हती. मला वाटलं, जमलं. पोरीने जिंकलं.

आणि कपाटामागून आवाज आला, "नका जाऊ धनी."

मागाहून कळलं, सुनंदाने सीन आधी आपल्या नाटकी पद्धतीने लिहिला होता. त्यातली ही ओळ तिने नंतर काढली, पण मारोतभाऊंच्या वहीत ती तशीच राहिली होती. नट गप्प उभा राहिला म्हणजे ओळ विसरला. त्यांच्या धंद्यात शांततेला दुसरा अर्थच नाही. सुनंदा बोलेना, तसे ते आणखी जोरात म्हणाले, "नका जाऊ धनी, तुमच्याविना हा संसार म्हणजे उजाड रान."

मागच्या बाकांवर हशा पिकला. देशमुख सरांनी पेन उचललं. आता संपलं, असं मला वाटलं. मी खुर्चीतून अर्धी उठलेच.

सुनंदाची नजर मनोहरभाऊंवरून हलली नाही. हसू विरेपर्यंत ती थांबली. मग म्हणाली, "डबा उभा ठेवजा जी. वरण सांडन."

मनोहरभाऊंनी पिशवीतला डबा नीट केला आणि ते दाराबाहेर गेले. कोणी हसलं नाही. माझे डोळे भरून आले आणि मी ते पुसलेही नाहीत.

पुढचं सगळं इंग्रजीत झालं, इथे मराठीत सांगते. देशमुख सरांनी विचारलं, "मागून आलेला तो आवाज ठरवलेला होता?"

हो म्हणाली असती तर निभावून गेलं असतं.

"नाही सर. चूक झाली," सुनंदा म्हणाली. "ती ओळ मी काढून टाकली होती. पण मी गप्प होते, तेव्हा ती तुमच्या मनात आली होती का?"

परीक्षकालाच प्रश्न.

सरांनी पेन खाली ठेवलं. "इतकी नटवलेली नव्हती," ते म्हणाले. "पण आली होती."

"मग हीच ती स्टाइल आहे सर. लेखक ओळ काढून घेतो आणि वाचक प्रॉम्प्टर होतो."

सर खुर्चीत पुढे सरकले. "म्हणजे कुठलीही ओळ काढली की झालं?"

"नाही सर. आधी ती लिहावी लागते. मला ती ओळ पाठ होती, म्हणून तिच्याशिवाय उभं राहता आलं. जिला ओळच माहीत नाही, ती नुसती गप्प दिसली असती."

त्यानंतर सरांनी थीमबद्दल विचारलं, शेतीबद्दल, खाणींबद्दल, फुटलेल्या स्वप्नांबद्दल. पण आता ते परीक्षा घेत नव्हते, गप्पा मारत होते. बाहेर हॉर्नवर हॉर्न वाजत होते. शेवटी सर स्वतःच म्हणाले, "जाऊ द्या तिला, प्रयोग आहे तिचा." मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "पुढच्या वर्षी पीएच.डी.ला पाठवा हिला. आणि गाईड मिळाला नाही, तर मला कळवा."

मी गाडीपर्यंत जवळजवळ धावतच गेले. सुनंदाला सांगितलं, तर ती माझा हात घट्ट धरून उभी राहिली.

मारोतभाऊ शेवटी चढले. चढता चढता मला म्हणाले, "पोरगी ओळ विसरली होती मॅडम. मी दोनदा देल्ली. पन सावरलं बापा तिनं."

"सावरलं," मी म्हटलं.

सुनंदा आता पीएच.डी. करते आहे. मोसमात नाटकं चालूच आहेत. मी मात्र हल्ली वर्गात प्रश्न विचारला की उत्तर येईपर्यंत गप्प बसते. ते फार अवघड जातं. शिक्षकाची जात मुळात प्रॉम्प्टरचीच.