भरलेला सिलिंडर

वडील सोलापुरात ॲडमिट होते, तेव्हा दवाखान्याच्या दारात एक गृहस्थ भेटले. विमानात इंधन किती भरायचं, हे ठरवण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. बायकोला पुण्याला हलवायचं होतं. अँब्युलन्स तयार होती, तरी ते ऑक्सिजन किती तास पुरेल ते कागदावर मांडत होते. वाटेत गरज पडली तर कोण दाखल करून घेईल, म्हणून टेंभुर्णी, इंदापूरला फोन लावत होते.

"सिलिंडर फुल हाय की, साहेब. निघू या," ड्रायव्हर म्हणाला.

"उतरायची दुसरी जागा ठरल्याशिवाय मी एकही विमान सोडलं नाही."

इंदापूरनं होकार दिला, तेवढ्यात नर्सनं येऊन त्यांची बायको गेल्याचं सांगितलं.

ते सिलिंडरच्या काट्याकडे बघत राहिले. मग मला म्हणाले, "विमान उतरल्यावर इंधन उरलेलं दिसलं, की मला बरं वाटायचं."