सपत्नीक

"काका, किती जण येणार?" इतिहास मंडळाच्या चिन्मयीनं फोनवर विचारलं.

"दोघं," मधुसूदनराव म्हणाले. निघून गेलं तोंडातून. लग्नाचं आमंत्रण असो की गाडीचं रिझर्व्हेशन, जन्मभर हेच उत्तर दिलेलं. नीला जाऊन वर्ष झालं होतं, पण जिभेला कोण सांगणार?

मंडळाचं सुवर्णपदक मिळत होतं. कचेरीतली कारकुनी सांभाळून त्यांनी भोसल्यांच्या काळातले मोडी कागद लावले. ते मोठ्यानं वाचायचे, नीला बाळबोध लिपीत उतरवायची. मंडळाचा रिवाज असा, की सत्कार सपत्नीक. मंचावर खुर्च्या जोडीनं. एकट्यानं बसायचं जिवावर आलं, म्हणून सक्करदऱ्याच्या तलावावर रोज भेटणाऱ्या नत्थूजींना त्यांनी गळ घातली.

"बाप्पा! वहिनीच्या खुर्चीत मी? लोकं हसतीन ना भाऊ!"

समारंभाला मधुसूदनराव एकटेच गेले. चिन्मयी तबक सावरत आली. "काकू कुठे? फोटोवाला थांबून राहिला ना!"

"तिला... जरा बरं नाही."

चिन्मयीनं ते निवेदकाच्या कानात घातलं. पदक गळ्यात पडतंय तोच माईक दणाणला, "वहिनींना लवकर आराम पडो!" सभागृहानं टाळ्या वाजवल्या. अध्यक्षांनी साडीचा खोका रिकाम्या खुर्चीवर ठेवला.

चहाच्या वेळी माणसं भोवती जमली. मोडीचं नाव कुणी काढलं नाही. "वहिनींना काय झालं हो? पथ्य काय सांगितलं?"

वर्षभरात नीलाबद्दल कुणी काही विचारलं नव्हतं. मधुसूदनराव सांगत सुटले. "गुडघे धरतात. आंबट वर्ज्य. पण ऐकते कुठे! लोणच्याची बरणी लपवावी तर माझाच चष्मा लपवते!" हशा पिकला. तेवढा वेळ ते खरंच दोघं होते.

"उद्या घरीच येते मी," चिन्मयी म्हणाली. "काकूंसमोर पदक पुन्हा घालू तुम्हाला!"

मधुसूदनरावांचं हसू मावळलं. "ये ना. पण ती नाहीये बेटा. मागच्या वर्षीच गेली. तरी येशील?"

चिन्मयीचा कप ओठांपर्यंत गेलाच नाही. "येईन ना काका," ती हळूच म्हणाली.

"चिन्मयी! मंडपवाले खुर्च्या उचलून राहिले, ये लवकर!" कुणीतरी ओरडलं.

"तलावाकडून दुसरी गल्ली," मधुसूदनराव घाईघाईनं सांगू लागले, "पाण्याच्या टाकीसमोर, हिरवं फाटक..."

ती तोवर मंचापाशी पोचली होती.