हेमा हात झाकत नाही

हेमा आमच्या माणिकपूरच्या शाळेत खो-खो शिकवायला आली, तेव्हा अर्ध्या बाह्यांच्या कुर्त्यात तिच्या दोन्ही हातांवरचे जुने, पांढरट व्रण उघडे दिसत होते. स्टाफरूममधल्या आम्ही सगळ्यांनी ते पाहून न पाहिल्यासारखं केलं. पाचवीतल्या एका मुलीनं मात्र मैदानावर सरळ विचारलं, "टीचर, हे कशानं झालं?"

"लहानपनी मी फार दुःखात होते. तेव्हा स्वतःलाच इजा करून घ्यायचे," हेमा म्हणाली. "तेव्हा मला असं कोनी विचारलं असतं तर बरं झालं असतं. तुला कधी फार वाईट वाटलं तर मला येऊन सांगायचं. आता पळ, तुझा डाव आहे."

ती मूळची जूचंद्रची. मनापासून बोलायला लागली की 'ण'च्या जागी घरचा 'न' तिच्या तोंडी यायचा. आईवडील लवकर गेले आणि ती काकाकडे वाढली. काका पट्ट्यानं मारायचा, रडली तर पुन्हा मारायचा. कॉलेजात असताना तिला अंथरुणातून उठवेना, तेव्हा मैत्रिणीनं डॉक्टरांकडे नेलं. डिप्रेशनची गोळी ती डबा खाऊन झाल्यावर आमच्यासमोरच घ्यायची. "बीपीची गोळी लपवते का कोनी?" असं वर विचारायची.

काकाच्या पंच्याहत्तरीचं बोलावणं आलं. चुलतभावानं फोनवर बजावलं, "पूर्ण बाह्यांचं काहीतरी घाल. पाहुने येनार."

"मी बिनबाह्यांचा ब्लाउज घालनार," ती मला म्हणाली. "तू चल माझ्याबरोबर."

हॉल भरलेला होता. सत्काराची भाषणं चालू व्हायची होती. हेमा काकाच्या पाया पडली नाही. काका चारचौघांत हसून म्हणाला, "काय झालं गो पोरी, हाताला?"

"तुम्ही मारायचात, काका. त्यातूनच झालं हे." तिचा आवाज चढला नव्हता. "भाषनांत हे कोनी सांगनार नाही, म्हनून मी सांगायला आले."

"आजच्या दिवशी नको गो," काकू पुटपुटली.

"मग कधी, काकू? तेव्हा पन तुम्ही मला गप्पच करायचात."

माफी कोणीच मागितली नाही. आम्ही न जेवता निघालो.

रिक्षात बसल्यावर मी म्हटलं, "जिंकलीस गं."

"जिंकायला नव्हते गेले. खोटं ऐकून घ्यायचं नव्हतं मला." मग म्हणाली, "आज एकटीनं राहायची भीती वाटतेय. पुन्हा पूर्वीसारखं करावंसं वाटतंय. तुझ्याकडे येऊ?"

"विचारतेस काय? चल."

तिनं लगेच तिच्या डॉक्टरांना फोन लावला आणि काय घडलं, आता काय वाटतंय, ते सगळं स्पष्ट सांगितलं. रिक्षावाला आरशातून पुन्हापुन्हा बघत होता. हेमानं आवाज कमी केला नाही.