वादळाची वर्दी देणारे साडू

तोक्योच्या आभाळात कुठलंही वादळ आमच्या थोरल्या साडूंना वर्दी दिल्याशिवाय शिरत नाही, असं आमच्या इमारतीतल्या यच्चयावत बिऱ्हाडांचं मत आहे. त्यात माझी बायको आली, पुण्या-मुंबईहून आलेली सगळी मराठी मंडळी आली, इमारतीचे जपानी व्यवस्थापक आले, आणि सायकली लावण्याच्या जागेपाशी घटकाभर गप्पा मारत उभ्या राहणाऱ्या जपानी आज्याही आल्या. त्यात नसलेला मी एकटा. साडूंच्या किती तरी वर्षं आधी मी इथे आलो. तोक्योच्या कोतो भागातल्या ह्या इमारतीत घर त्यांना मी शोधून दिलं, आणि त्यातही नववा मजला त्यांना मिळाला, मी राहिलो तळमजल्यावर. स्टेशनवरून घरी यायचा रस्ता त्यांना मी दाखवला, आणि आता त्याच रस्त्यावर लोक मला 'त्यांचे नातेवाईक' म्हणून ओळखतात. बायकोची मोठी बहीण त्यांच्या घरात आहे, म्हणजे मानाने ते मोठे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. बाकीच्या सगळ्याबद्दल आहे.

उदाहरणार्थ, भाषा. मी जपानीच्या परीक्षा दिल्या आहेत. ऑफिसात ग्राहकासमोर आदरार्थी क्रियापदं वापरून मी अख्खी मीटिंग काढू शकतो. माझं जपानी ऐकून लोक "किती छान बोलता" म्हणतात, वाकतात आणि निघून जातात. साडूंचं जपानी ऐकून मात्र ते थांबतात. साडू क्रियापदाच्या वाटेला जात नाहीत. नाम, मग हात, मग पुन्हा नाम, आणि शेवटी एक मोठं हसू, एवढ्यावर त्यांचं वाक्य पुरं होतं. एकदा त्यांनी जळणाऱ्या कचऱ्याच्या दिवशी काचेच्या बाटल्या नेऊन ठेवल्या. मी नवीन असताना हेच केलं होतं, तेव्हा माझ्या पिशवीवर लाल कागद चिकटवलेला सापडला होता. साडूंच्या बाबतीत मात्र आज्या जमल्या, कुठल्या वारी काय टाकायचं ते त्यांनी हातवारे करून समजावलं, आणि एकीने तर घरच्या झाडाची पर्सिमॉनची केशरी फळं दिली. ती साडूंनी आम्हाला आणून दिली. "घ्या साडूभाऊ, इथली माणसं फार प्रेमळ आहेत," असंही वर सांगितलं.

हवामानाचा नाद त्यांना पुण्यापासून आहे म्हणतात. सॉफ्टवेअरमध्ये ते टेस्टर आहेत, म्हणजे न बिघडलेल्या गोष्टीकडे संशयाने बघणं हा त्यांचा व्यवसाय आहे, आणि निरभ्र आभाळाकडे ते त्याच नजरेने बघतात. सकाळी चहाचा कप घेऊन बाल्कनीत उभे राहायचे, पूर्वेला बघायचे, मग दक्षिणेला बघायचे, नाक वर करून वास घ्यायचे, आणि मग इमारतीच्या ग्रुपवर एक ओळ टाकायचे: 'दुपारनंतर कपडे आत.' त्या एका ओळीवर सगळ्या बायका वाळत घातलेले कपडे काढायच्या. मी फोनवरच्या तीन अ‍ॅपचा हवाला देऊन पाऊस नाही म्हणून सांगितलं, तरी माझ्याच घरातले कपडे आत यायचे. "भाऊजींनी सांगितलंय," एवढं बायको म्हणायची. पाऊस आला तर भाऊजींचं कौतुक व्हायचं, आणि नाही आला तर "बरं झालं, हुलकावणी दिली," असं म्हणून आभाळाला दोष दिला जायचा.

तर अशा माणसाच्या हाती एक रेडिओ पडला. आमचा भाग सखल, दोन्ही बाजूंना नदी आणि कालवे, त्यामुळे वादळाचा इशारा द्यायला हा खास रेडिओ इथे मिळतो. एरवी तो गप्प पडून असतो. इशारा प्रसारित झाला की आपला आपण जागा होतो आणि मोठ्याने बोलायला लागतो. वीज गेली तरी सेलवर चालतो. साडूंनी तो आणला त्या दिवशी मी म्हणालो, "फोनवर सगळे इशारे येतात की. हे कशाला?"

"फोन माणसाच्या मर्जीवर चालतो, साडूभाऊ," ते म्हणाले. "माणूस तो सायलेंटवर टाकतो. ह्याला मर्जी नाही."

सिमेंटच्या इमारतीत त्याला लहरी नीट पकडता येईनात. साडू तो छातीशी धरून घरभर फिरले, अंगाई म्हणत मूल फिरवावं तसे. खिडकीत खरखर, स्वयंपाकघरात खरखर, न्हाणीघरात बरा आवाज, पण तिथे ओल. शेवटी स्वच्छ आवाज आला तो देव्हाऱ्याच्या कोपऱ्यात. मेव्हणीने कपाळावर हात मारला, पण साडूंनी गणपती चार बोटं सरकवला, रेडिओ त्याच्या शेजारी बसवला आणि एरियलची तार पडद्याच्या दांडीवरून खिडकीपर्यंत नेली. मग चाचणीचं प्रसारण असतं त्या दिवशी त्यांनी घरच्यांना रांगेत बसवून वाट बघितली. रेडिओ आपणहून बोलला, 'ही केवळ चाचणी आहे' असं जपानीत म्हणाला आणि झोपला. साडूंना त्यातला एकही शब्द कळला नसेल, पण मुलगा पहिला आल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

त्यानंतर ते इमारतभर सुटले. ज्याच्या घरी रेडिओ नाही त्याला घ्यायला लावायचा, आहे त्याच्याकडे जाऊन जागा शोधायची, तार ओढायची, सेल घालायचे, आवाज किती ठेवायचा ते ठरवायचं. दर चाचणीनंतर फोन: "वाजला का?" मी माझ्या घरी ठामपणे नको म्हटलं होतं. एक दिवस ऑफिसातून आलो तर दाराजवळच्या चपलांच्या कपाटावर रेडिओ. बायको म्हणाली, "फ्रिजवर खरखरत होता, मग भाऊजींनी इथे बसवला." मुलीने जपानीत सांगितलं की काकांनी तिला बटण दाबू दिलं. माझ्याच घरात माझ्यामागे माझी हरकत फेटाळली गेली होती.

पण खरं वर्मी लागलं ते वेगळंच. माझ्या घराला लागून एक जपानी आजी एकट्या राहतात. इतकी वर्षं मी त्यांना रोज सकाळी वाकून नमस्कार करत आलो, हवेबद्दल एक शुद्ध वाक्य बोलत आलो, आणि त्याही तसंच एक वाक्य परत करत आल्या. त्यांच्या घराचा उंबरठा मी कधी ओलांडला नव्हता. एका रविवारी त्यांच्या दारातून मला साडूंचं हसणं ऐकू आलं. दार अर्धवट उघडं होतं. साडू आत चटईवर मांडी घालून बसलेले, समोर चहा, बशीत गोड काहीतरी, आणि आजी तोंडावर हात धरून हसताहेत. त्यांना जरा कमी ऐकू येतं म्हणून साडूंनी रेडिओ त्यांच्या उशाशी ठेवला होता. मला बघून साडूंनी हात हलवला, "या, या साडूभाऊ," जणू त्यांचंच घर. मी काम आहे म्हणालो. काम काही नव्हतं. घरी येऊन मी बराच वेळ भिंतीकडे बघत बसलो, आणि भिंतीपलीकडचं हसणं काही थांबेना.

मग शरदात ते मोठं वादळ आलं. साडू त्याच आठवड्यात कंपनीच्या कामासाठी दूरच्या कोबे शहरात गेले होते आणि गाड्या बंद होणार म्हटल्यावर तिथेच अडकले. मला मनातून थोडं बरंही वाटलं. वादळ आहे, साडू नाहीत. एकदा तरी लोक मला विचारतील. दुपारी आम्ही घरातच होतो. पाऊस आडवा यायला लागला आणि कपाटावरचा रेडिओ एकाएकी बोलू लागला. भिंतीपलीकडे आजींचा, वर कुणाचा, त्याच्यावर कुणाचा, सगळ्या इमारतीतून एकच बाई एकच वाक्य बोलत होती: नदीचं पाणी वाढतंय, वयस्कर लोकांनी आणि खालच्या मजल्यांवरच्यांनी उंच जागी जावं. मी अर्थ सांगितला. बायकोने पिशव्या भरायला घेतल्या. तेवढ्यात साडूंचा फोन.

"वाजला ना?"

"वाजला."

"मग आजींकडे जा. आमच्याकडे घेऊन जा त्यांना, नवव्यावर. मी बायकोला सांगितलंय."

मी गेलो. आजींनी दार उघडलं, माझ्या खांद्यामागे बघितलं, आणि विचारलं, "राजिओ-सान नाहीत का?" राजिओ म्हणजे रेडिओ. साडूंना त्या ह्या नावाने हाक मारतात हे मला त्या दिवशी कळलं. मी माझ्या उत्तमातल्या उत्तम जपानीत परिस्थिती मांडली. नदीची पातळी, इशाऱ्याचा दर्जा, वर जाण्याची विनंती, सगळं आदरार्थी. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, वाकल्या आणि म्हणाल्या की त्यांना काही होणार नाही, उगाच कुणाला त्रास नको. मी आणखी आदराने सांगितलं. त्या आणखी खाली वाकल्या. बाहेर कुणाची तरी सायकल आडवी पडल्याचा आवाज झाला. ह्या बाईंना उचलून तर नेता येत नाही, आणि सोडून तरी कसं जायचं. शेवटी मी साडूंना फोन लावला आणि स्पीकर सुरू करून त्यांच्यासमोर धरला.

साडू जे बोलले ते मराठीत असं होईल: "आजी. वर. माझं घर. मी कोबे. बायको एकटी. बायको भीती, मोठी भीती. आजी जा. बायको खूश."

आमची मेव्हणी कशालाही भीत नाही. वादळानेच तिला वळसा घालून जावं अशी बाई आहे. पण आजींचा चेहरा बदलला. "अरेरे, बिचारी," असं काहीसं त्या म्हणाल्या, आत गेल्या, एका कापडात चार वस्तू बांधल्या, रेडिओ पिशवीत घातला आणि बूट घालून माझ्या आधी बाहेर पडल्या. मी पिशवी उचलून मागे.

नवव्या मजल्यावर खालची बरीच बिऱ्हाडं जमली होती. मेव्हणीने मोठं पातेलं भरून खिचडी टाकली होती. आजींनी तिचा हात हातात घेतला तो सोडलाच नाही, आणि मेव्हणीनेही, मला आजवर कधी न दिसलेल्या नम्रपणाने, भ्यायल्यासारखा चेहरा केला. देव्हाऱ्यातला रेडिओ मधून मधून बोलत होता आणि मी सगळ्यांना अर्थ सांगत होतो. संध्याकाळी पाणी उतरू लागल्याचं रेडिओनेच सांगितलं. आमच्या तळमजल्यापर्यंत ते आलं नाही. सायकली तेवढ्या एकमेकींवर पडल्या होत्या. सकाळी आभाळ इतकं निळं होतं की काल काही झालं होतं असं वाटू नये. आजींना मी खाली सोडलं. दारात त्या वाकल्या आणि म्हणाल्या, "राजिओ-सानना माझे आभार सांगा."

साडू पहिल्या गाडीने परतले तेव्हा व्यवस्थापक फाटकापर्यंत त्यांना सामोरे गेले. बायका खाली उतरल्या. लिफ्टपाशी पोचेपर्यंत त्यांना इतक्या वेळा थांबावं लागलं की मीच त्यांची बॅग वर नेऊन ठेवली. "साडूभाऊ, तुम्ही होता म्हणून," ते म्हणाले. ते मनापासून म्हणाले, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

वसंतात कंपनीने त्यांना कायमचं कोबेला पाठवलं. नववा मजला आम्हाला मिळाला. तिथून पूर्वही दिसते आणि दक्षिणही, पण त्यात विशेष काय बघण्यासारखं आहे ते मला अजून कळलेलं नाही. कोबेत साडूंना शेजार लाभलाय तो तिथल्या एका जुन्या व्यापारी घराण्यातल्या गृहस्थांचा. त्यांचे आजोबा कधीकाळी कापडाच्या धंद्यासाठी भारतातून इकडे आले होते म्हणे. दोघं रोज सकाळी गच्चीवर उभे राहून समुद्राकडे बघतात. "फार जिज्ञासू माणूस आहे, साडूभाऊ. तुम्हाला आवडेल," असं ते प्रत्येक फोनला सांगतात. मी म्हणतो, "असेल." त्या गृहस्थांचं नाव त्यांनी मला अनेकदा सांगितलंय. ते माझ्या लक्षात राहत नाही, आणि मी ते राहू देत नाही.

परवाच्या फोनमध्येही दोन वाक्यांत आम्ही ख्यालीखुशाली संपवली. मागून त्या गृहस्थांचा आवाज आला, चहा तयार असल्याचं ते सांगत होते. साडू फोन ठेवणार हे मला कळलं. तेवढ्यात त्यांनी सवयीने विचारलं, "तुमच्याकडे हवा कशी आहे?"

मी खिडकीबाहेर बघितलं. लख्ख ऊन पडलं होतं.

"जरा ढग दिसताहेत," मी म्हणालो. "दक्षिणेकडून."

"थांबा, थांबा," साडू म्हणाले, आणि त्या गृहस्थांना त्यांनी सांगितलं, "तुम्ही घ्या चहा, मला वेळ लागेल."