पंचवीस मीटरवरची नंबरप्लेट

आबांच्या रिक्षात मी पुढे बसायचे, त्यांच्या डाव्या हाताला, ड्रायव्हरच्या सीटचा जो तुकडा उरतो त्यावर. तसं बसायला परवानगी नसते, हे मला माहीत होतं. पण मागची सीट तीन बायकांनी भरलेली असायची आणि आम्हा चौघींना बमरोलीहून सचिनच्या कारखान्यांच्या वसाहतीत वेळेत पोचायचं असायचं. त्या तिघी साड्यांच्या एका युनिटमध्ये घडी घालून पॅकिंग करायच्या. मी थोडं पुढे कापड रंगवायच्या एका डाइंग मिलच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसते. आबा म्हणजे माझे आजोबा, वडिलांचे वडील. वय चौऱ्याहत्तर. खानदेशातून आले तेव्हा आधी कापडाच्या लूमवर होते, मग टेम्पो, मग रिक्षा.

एका हाताने मी वरची दांडी धरायचे. दुसरा हात मांडीवरच्या डब्यावर असायचा.

आमच्या गल्लीत इंग्रजी शाळेत शिकलेली मी एकटीच होते, त्यामुळे सगळ्यांचे फॉर्म माझ्याकडे यायचे. रेशनकार्डातली दुरुस्ती असो, शाळेचा दाखला असो की गॅसचा अर्ज. लोक दारात उभे राहायचे, कागद पुढे करायचे आणि मी भरून द्यायचे. कोणाशी फार बोलावं लागू नये म्हणून मी भराभर भरायचे. एकेक प्रश्न वाचा, त्याचं अहिराणीत सांगा, मग त्यांचं उत्तर ऐका, या सगळ्यापेक्षा ते सोपं होतं. कुठे 'हो' लागतं आणि कुठे 'नाही', हे मला पाठ झालं होतं. फॉर्म परत येऊ नये, एवढंच काम.

आबांच्या लायसन्सची मुदत संपली तेव्हाही तसंच झालं. ते जेवत होते. मी शेजारी बसून तब्येतीबद्दलचा घोषणेचा कागद भरला. फिट येते का, नाही. चक्कर येते का, नाही. मग एक प्रश्न होता: चांगल्या उजेडात पंचवीस मीटरवरून गाडीची नंबरप्लेट प्रत्येक डोळ्याने वाचता येते का. मी 'हो'वर खूण केली आणि पुढच्या रकान्यात गेले. आबा भाकरी मोडत होते. खाली सही करताना त्यांनी कागद हाताने चाचपला आणि विचारलं, "कथं करू?" मी त्यांचं बोट धरून रेघेवर ठेवलं. डॉक्टरांचा कागद वेगळा होता, तोही मिळाला. त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. हा कागद मात्र माझ्या हातचा होता.

बोट रेघेवर ठेवलं तेव्हा मला काहीच कळलं नाही, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत आले.

थंडी सुरू झाली तेव्हा कळायचं टाळता येईना. पांडेसऱ्याच्या चौकात लाल सिग्नल होता आणि आबा सरळ निघाले होते. बाजूचा टेम्पो कचकन थांबला, त्या आवाजाने त्यांनी पाय दाबला. मागच्या तिघी एकमेकींवर आदळल्या.

"आबा, सिग्नल!" मी म्हणाले.

"माले दिखस ना!" ते चिडून म्हणाले.

त्यानंतर मी रस्त्याकडे बघणं सोडून त्यांच्याकडे बघायला लागले. ते समोर बघत नव्हते, समोरचं ऐकत होते. मान थोडी वाकडी, उजवा कान पुढे. इतर गाड्या हलल्या की हलायचे, थांबल्या की थांबायचे. रस्ता रोजचा असल्यामुळे खड्डे त्यांना पाठ होते. मोकळ्या रस्त्यावर ते बरोबर मध्यातून हळूहळू जायचे आणि मागचे हॉर्न मारमारून हैराण व्हायचे. कोणी बाजूने जाताना शिवी घातली की आबा शांतपणे म्हणायचे, "जाऊ दे, त्याच्या घरी दूध उतू जातंय." वळताना इंडिकेटर नाहीच. पाय बाहेर काढायचा, झालं. मला राग यायचा, इतका की डोळ्यांत पाणी यायचं. असे म्हातारे रस्त्यावर इतरही दिसायचे, स्कूटरवर, जुन्या गाड्यांत, जगाने आपल्याला वाट द्यावी असे चाललेले. त्यांच्या घरच्यांना दिसत नसेल का, असं मनात यायचं आणि मी खाली बघायचे.

मग मी बोलायला लागले. "सिग्नल लाल आहे" असं सरळ म्हटलं की आबा चिडायचे, म्हणून वेगळ्या तऱ्हेने. "आबा, ती बस बघा कशी मध्येच थांबली." "आबा, त्या बाईची साडी छान आहे, ती रस्ता ओलांडतेय ना, तिची." "लाल लागला वाटतं, आता दोन मिनिटं बसा." आबा हूं म्हणायचे आणि ब्रेक लागायचा. बमरोली ते सचिन माझं तोंड बंद व्हायचं नाही. ऑफिसात पोचेपर्यंत घसा कोरडा पडायचा.

मागच्या तिघींमधल्या एकीला आम्ही मावशी म्हणतो, ती शेजारच्या गल्लीतली. तिची मुलगी तिच्या मांडीला मांडी लावून बसायची आणि तिसरी मुलीची मैत्रीण होती. मावशीला याची फार गंमत वाटायची.

"घरी हिला 'चहा पिशील का' विचारलं तर मान हलवते," ती म्हणायची, "आन रिक्षात बसली की रेडिओ लागतो! काय व, ऑफिसात पन इतकीच बोलते का?"

"ऑफिसात इंग्लिशमधी बोलत असंल," तिची मुलगी म्हणायची.

"मंग तर बरंय, कोनाले कळत नसंल."

सगळ्या हसायच्या, आबाही हसायचे. मी हसायचे आणि म्हणायचे, "आबा, डावीकडून टेम्पो येतोय, किती भरलाय बघा."

मावशीने मुलीला दुसऱ्या कुठल्या रिक्षाने कधी पाठवलं नाही. आबांची रिक्षा म्हणजे घरची रिक्षा, असं ती सगळ्यांना सांगायची.

आईला मी एकदा सांगितलं. ती साडीला खडे चिकटवत होती. वडील गेल्यापासून घरात निर्णय कोणी घ्यायचा हे ठरलेलंच नाही. आई मान वर न करता म्हणाली, "त्यांना कोण सांगणार? किल्ली काढून घेतली तर चार दिवसांत खाट धरतील." मग थोड्या वेळाने म्हणाली, "तू असतेस ना सोबत."

हो, मी असायचे. मला ताप आला तरी मी जायचे. सकाळी आम्हाला सोडून आबा एकटे घरी परतायचे तो अर्धा तास मी ऑफिसात फोन पालथा ठेवायचे आणि पुन्हा सरळ करायचे. पोचल्यावर एक मिस्ड कॉल द्यायचा, एवढं मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं होतं.

ज्या दिवशी ते झालं त्या दिवशी मी त्यांच्या शेजारीच बसले होते.

पांडेसऱ्याच्या पुढे आमच्या ऑफिसातले सर रस्त्याकडेला स्कूटर घेऊन उभे होते. स्कूटर बंद पडली होती. त्यांनी मला पाहून हात केला आणि मी आबांना थांबायला सांगितलं. सरांनी स्कूटर एका दुकानाशी लावली आणि ते आबांच्या उजव्या बाजूला बसले. आता पुढे आम्ही तिघं. सरांनी इंग्रजीत विचारलं, हे तुझे आजोबा का. मी हो म्हणाले. अजून चालवतात, कमाल आहे, असं ते म्हणाले. मी त्यालाही हो म्हणाले.

आणि गप्प झाले.

शाळेत चौथीत असताना मी एकदा वर्गात 'माले' म्हणाले होते. पुढचे कित्येक महिने एक मुलगी मला बघून तो शब्द गाण्यासारखा म्हणायची. तेव्हापासून घरची भाषा घराबाहेर काढायची नाही, असं मी ठरवलेलं. पण खरं कारण तेवढंच नव्हतं. आबांशी मी कुठल्याही भाषेत "समोर बस आहे" म्हटलं असतं, तरी सरांना कळलं असतं की चालवणाऱ्याला बस दिसत नाही. मग ऑफिसात सगळ्यांना कळलं असतं. पाच-सात मिनिटांचा प्रश्न आहे, मी मनात म्हटलं. रस्ता सरळ आहे. आज बाकीच्या गाड्यांचा आवाज आहे.

मागून मावशी म्हणाली, "आज रेडिओ बंद?"

हातगाडी मला लांबूनच दिसली. तिच्यावर कोऱ्या कापडाचे ताके रचलेले होते, धुळीच्याच रंगाचे, आणि एक माणूस पाठमोरा ती ओढत, आम्ही जात होतो त्याच दिशेने पुढे चालला होता. हातगाडीला आवाज नसतो. मी ती बघत होते. आता आबा वळवतील, मी म्हटलं. आता वळवतील. ताक्यांच्या कडेचे निळे शिक्के मला दिसायला लागले. माझं तोंड उघडलं होतं, मला नीट आठवतंय, दातांना गार हवा लागत होती. त्यातून आवाज आला नाही.

ओरडली ती मावशीची मुलगी.

आबांनी हँडल पिळलं. रिक्षा एका बाजूला उचलल्यासारखी झाली, पुढचं चाक दुभाजकावर चढलं आणि मागची बाजू फिरून हातगाडीवर आदळली. ताके घरंगळत रस्त्यावर गेले. एक मोठी बस आमच्या बाजूने हॉर्न देत निघून गेली, इतक्या जवळून की सरांच्या शर्टाची बाही हलली.

मग सगळं थांबलं. कोण कुठे आहे ते मी मोजलं. मागे तिघी, तिघी हलत होत्या. सर उतरलेले. आबा हँडल धरून बसलेले. हातगाडीवाला खाली बसून पायाचा घोटा धरून होता.

"चाचा," तो हातगाडीकडे बोट करून म्हणाला, "इतनी बडी लारी नहीं दिखी? इससे बडी कहाँ से लाऊँ?"

दोन माणसं हसली. तो स्वतःही हसल्यासारखा झाला आणि मग त्याचा चेहरा दुखण्याने आवळला. घोटा सुजत चालला होता, पण हाड मोडलं नव्हतं. ते समोरच्या दवाखान्यात नेल्यावर कळलं. मी, मावशी आणि एक दुकानदार असे त्याला धरून घेऊन गेलो. सर दुसऱ्या रिक्षाने गेले. जाताना ते इंग्रजीत म्हणाले, आजोबांना जरा जपून चालवायला सांग.

मी परत आले तेव्हा आबा तसेच बसले होते. त्यांनी माझ्याकडे मान वळवली, पण नजर माझ्या खांद्याच्या थोडी पलीकडे गेली.

"आज तू बोलनी नही व माय," ते म्हणाले.

रागाने नव्हे. एखादी वस्तू रोजच्या जागी सापडली नाही की माणूस म्हणतो तसं. म्हणजे त्यांना माहीत होतं. इतके महिने मी समजत होते की मी त्यांना फसवून वाचवतेय. ते माझ्या डोळ्यांनी चालवत होते आणि आम्ही दोघं तीन बायकांना मागे बसवून रोज हा खेळ खेळत होतो.

त्या संध्याकाळी मी आबांना गल्लीत नेलं. शेजाऱ्याच्या मोटरसायकलपासून पावलं मोजत मागे आले, अंदाजे पंचवीस मीटर. "तो नंबर वाचा," मी म्हणाले. आबांनी खडाखडा वाचला. माझ्या जिवात जीव आला, आणि लगेच गेला. शेजाऱ्याची गाडी आठ वर्षं तिथेच उभी असते. तो नंबर मलाही पाठ आहे.

मग गल्लीच्या तोंडाशी गेलो. तिथे कोणा पाहुण्याची स्कूटर होती. मी पुन्हा पावलं मोजली. आबा उभे राहिले. बघत राहिले. ते एक पाऊल पुढे गेले, थांबले. आणखी दोन. असं करत करत ते चालत राहिले. स्कूटर सहा पावलांवर आली तेव्हा त्यांनी पहिला आकडा वाचला, तोही चुकीचा. मग त्यांनी वळून मी कुठे आहे ते बघितलं. मी फार मागे राहिले होते.

"कागदवर हाई लिखेल व्हतं का?" त्यांनी तिथूनच विचारलं.

मी हो म्हणाले.

"माले कोनी इचारंच नही."

त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि हात पुढे केला. मी चालत जाऊन ती घेईपर्यंत तो हात तसाच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी आमच्या दारात आली. काल घाबरलो खरं, पण असं होतंच, चला, उशीर होतोय, असं म्हणत होती. आई आत होती. आबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. सांगायला मीच उरले. मी सांगितलं की आबा आता रिक्षा चालवणार नाहीत, त्यांना दिसत नाही, बऱ्याच महिन्यांपासून दिसत नाही. एवढं सलग मी तिच्याशी कधी बोलले नव्हते.

ती उंबऱ्यावर बसली. "म्हंजे तू त्याईले गोष्टी नव्हती सांगत?"

"नाही."

"माझी पोर होती व त्याच्यात." ती माझ्याकडे बघत होती. "तुले माहीत होतं?"

"हो," मी म्हणाले.

आता आम्ही बसने जातो. मावशी माझ्यापासून दोन सीट सोडून बसते. ड्रायव्हर तरुण आहे, तरी सिग्नल लाल झाला की माझे ओठ हलतात.

आबांच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला, दुसऱ्याबद्दल डॉक्टर बघू म्हणतात. किल्ली माझ्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये आहे. काल जेवताना आबा म्हणाले की त्यांना माझ्या ओढणीवरचे ठिपके दिसतात, आता पुन्हा नंबर विचार. रविवारी विचारायचं ठरलंय. त्यांना वाचता येणार नाही याची मला भीती वाटते, आणि येईल याचीही. कुठल्या गाडीसमोर उभं करणार आहे ते मी त्यांना सांगितलेलं नाही.