को-पार्सनर म्हणताना

मुरुडच्या बाजारात वाटायची, लेकींच्या वारसाहक्काची पत्रकं आज छापून आली. ओल्या शाईचा वास आला आणि वरच्या ठळक ओळीतल्या 'को-पार्सनर', म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीतला जन्मानं हिस्सेदार, या शब्दानं मला लातूरच्या लॉ कॉलेजात नेऊन बसवलं.

उकाड्याची दुपार होती. माझ्या शेजारची सुनीता, मुखेडकडची, उभी राहिली. "सर, वडलाच्या रानात लेकीचा बी हिस्सा असतो का? ती कोपारसिनर हाय का? भाऊ रविवारी हक्क सोडल्याची सही घ्यायला यायलाय."

सर हसले. "आधी नीट म्हण, बाई. को. पार. स. नर. मधली आडवी रेघ दिसत नाही? तिथं थांब." प्रत्येक तुकड्याला ते टेबलावर डस्टर आपटायचे, खडूची पूड उडायची. ती म्हणायची, ते पुन्हा म्हणायला लावायचे. "कोर्ट म्हंजी आठवडी बाजार हाय का गं?" त्यांनी तिचीच बोली वेडावून दाखवली. वर्ग खिदळला. घंटा झाली, सर गेले.

रविवारी तिनं सही केली.

तेव्हा मला सर कडक वाटायचे. आज सरळ म्हणते, ते निर्दय होते. शेवटी उच्चार तिला बरोबर जमला होता. तिच्या प्रश्नाचं उत्तर 'हो' एवढंच होतं, आणि तेवढं त्यांच्या तोंडून निघालं नाही.